चहात बुडवलेला जाहीरनामा

धैर्यशील वाळिंबे हा माणूस कधी कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की तो कोपऱ्यात सरकायचा, आणि लिफ्ट रिकामी असली तरी कोपऱ्यातच उभा राहायचा. नाव धैर्यशील ठेवलं यात आईवडिलांचा दोष नाही. बारशाच्या वेळी मूल झोपलेलं असतं, पुढचा अंदाज येत नाही. तर असा हा माणूस एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी, नोएडातल्या सुखनिवास हाइट्सच्या अकराव्या मजल्यावर, राजसत्ता उलथून टाकायला निघालेले बत्तीस कागद बाल्कनीच्या दोरीला चिमट्यांनी लावत होता. आणि वर गुणगुणत होता!

ते कागद कसले हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही सोसायटीसारखेच भलते तर्क काढाल.

धैर्यशील एका इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळेत अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवायचा. पानिपत म्हणजे पडदे आणि चादरी घ्यायला जायचं ठिकाण, एवढंच ज्या मुलांना ठाऊक, त्यांना फिलाडेल्फियात कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं ते सांगायचं. मार्चमध्ये शाळेत एक वर्कशॉप झालं आणि फर्मान निघालं, की यापुढे टेक्स्टबुक बंद. मुलांनी मूळ कागद वाचायचे, त्या काळची पत्रं, जाहीरनामे, तक्रारअर्ज. कागदावरचं नाव, गाव, तारीख मास्तरांनी झाकून ठेवायचं आणि मुलांनी हेरगिरी करायची. प्रश्न पाच : हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी, कुणाविरुद्ध, आणि लिहिणाऱ्याला हवं काय होतं? धैर्यशीलला ही पद्धत मनापासून आवडली. तिच्यात मास्तरांना फार बोलावं लागत नाही.

"छापलेलं नंतर वाचा," तो वर्गात सांगायचा, "आधी कडा बघा. समासात, कोपऱ्यात, सहीखाली कुणी शाईने काही खरडलंय का ते बघा. माणूस खरं तिथे बोलतो."

या शुक्रवारी पाळी होती अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची. सन सतराशे शहात्तर. त्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध तक्रारींची लांबच लांब यादी आहे, आणि बहुतेक तक्रारींची सुरुवात एकच : त्याने अमुक केलं, त्याने तमुक केलं. धैर्यशीलने जुनी अवघड इंग्रजी सोपी केली, राजा काढला, देश काढला, साल काढलं, फाउंटन पेनने वळणदार अक्षरात सगळं लिहिलं आणि बत्तीस फोटोकॉपी काढल्या. मग कागद जुने दिसावेत म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या परातीत कडक चहा करून ते एकेक बुडवून काढले. चहात सवयीने वेलचीही घातली. ही वेलची लक्षात ठेवा.

आता आँधी. ज्यांनी दिल्लीकडची आँधी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. चार वाजता आकाश पिवळं होतं, चार वाजून दोन मिनिटांनी तुमची बनियन दुसऱ्याच्या कुंडीत असते. धैर्यशील आत परात घासत होता. बाहेर सूं सूं आवाज आला, दारं आपटली, आणि तो धावत बाल्कनीत येईपर्यंत दोरीवर तीन कागद उरले होते. एकोणतीस कागद सहा टॉवरांच्या मधोमध, पतंगासारखे गिरक्या घेत, आपापला पत्ता शोधत खाली चालले होते.

"गेले!" तो म्हणाला. फक्त कागद गेले असं त्याला वाटलं.

सहा वाजेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच कागदाचे बावीस फोटो पडले. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. जुनाट पिवळट कागद, आणि त्यावर :

"लोकांच्या भल्याच्या, अत्यंत गरजेच्या गोष्टींनाही त्याने मंजुरी द्यायचं नाकारलं आहे.

त्याने सभा मुद्दाम अडचणीच्या, गैरसोयीच्या जागी बोलावल्या, लोकांनी दमून होकार द्यावा म्हणून.

त्याने नवनवी पदं निर्माण केली आणि अंमलदारांच्या झुंडी आम्हाला छळायला धाडल्या.

शांततेच्या काळात, आमची संमती न घेता, त्याने आमच्यामध्ये खडी फौज ठेवली.

जगाशी असलेला आमचा व्यापार त्याने तोडला."

आणि शेवटी, "असा जुलमी माणूस स्वतंत्र लोकांवर राज्य करायला लायक नाही."

खाली पहिली प्रतिक्रिया पडली : "कुणीतरी बोललं एकदाचं!" मग अंगठे. मग हात जोडलेले. मग अंगठेच अंगठे.

एका क्षणात धैर्यशीलला कळलं की सोसायटीने पाचपैकी चौथ्या प्रश्नाचं उत्तर बिनचूक काढलंय. कुणाविरुद्ध? सोसायटीचे अध्यक्ष, सुभेदार मेजर खंडेराव जगदाळे, निवृत्त. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं देशभरच्या छावण्यांत काढलेले, आणि तिसऱ्यांदा बिनविरोध निवडून आलेले. बिनविरोध, कारण विरोधात उभं राहायचा फॉर्म त्यांच्याकडूनच घ्यावा लागायचा. खंडेराव सहसा कशावर सही करत नसत. मीटिंग ते दुसऱ्या बेसमेंटमध्ये, सांडपाण्याच्या प्लांटला चिकटून घेत. शिट्ट्या दिलेले चार सुपरवायझर त्यांनी नेमले होते. गार्डांची पहाटे सहाला परेड होत असे. आणि गेल्या महिन्यापासून डिलिव्हरीवाल्यांना गेटच्या आत बंदी होती. अडीचशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे बसून त्या लोकांनी सुखनिवास हाइट्सचं इतकं तंतोतंत वर्णन कसं काय केलं, देव जाणे.

"अरे मग जाऊन सांग ना त्यांना," प्रज्ञा म्हणाली. प्रज्ञा म्हणजे धैर्यशीलची बायको. ती एका आयटी कंपनीत होती आणि तिचा स्वभाव सरळ होता, त्यामुळे तिचे सल्ले धैर्यशीलच्या कधी उपयोगी पडत नसत. "वर्गाचे कागद होते, उडाले. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांत ते माझं पत्र फाडतील!"

पत्राचंही सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यातच अडकला होता. धैर्यशीलचं दोन वर्षांचं प्रोबेशन संपत आलं होतं. कायम व्हायचं तर शाळेला सोसायटीच्या अध्यक्षांच्या सहीचं एक पत्र हवं होतं, की हा माणूस इथे राहतो आणि त्याची वागणूक बरी आहे. सोमवारी सकाळी आठपर्यंत पत्र आलं नाही तर फाइल बंद, असं एचआरच्या मॅडमनी तीनदा बजावलं होतं आणि तिसऱ्यांदा बजावताना त्या हसल्या होत्या. हसल्या म्हणजे जागेवर दुसरा कुणीतरी हेरून ठेवलाय, हे धैर्यशील ओळखून होता. दिल्लीत राजेंद्रनगरच्या खोलीत सहा वर्षं कलेक्टर व्हायची परीक्षा देऊन झाली होती. ही नोकरी गेली तर पुढे काही नव्हतं. आणि त्या पत्रासाठीचा अर्ज त्याने बुधवारीच खंडेरावांच्या ऑफिसात दिला होता.

हाताने लिहून. फाउंटन पेनने. वळणदार अक्षरात.

हे आठवलं आणि तो खुर्चीवर बसला. 

शेजारी हरीश बत्रा राहायचे. मूळचे पानिपतचे, चादरींचा धंदा, आणि सल्ला द्यायची हौस. मराठी माणसाचं काही पार धुळीला मिळालं की तो काय म्हणतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण बत्रांसमोर तसं म्हणायची चोरी होती. एकदा धैर्यशील चुकून म्हणाला होता, तर बत्रांनी पाऊण तास आपल्या गावाची बाजू मांडली होती.

"वालिंबे जी, पहली बात, घबराना नहीं," आपल्या बाल्कनीतून कागद वाळताना पाहिलेले बत्रा दार लोटून घेत म्हणाले, आणि मग घाबरायला लागेल अशा सगळ्या गोष्टी त्यांनी क्रमाने सांगितल्या. मोबाइल बंद ठेवा. घरातली चहापावडर फ्लश करा. परात माझ्या गोदामात पाठवा. तुम्हीही चला पानिपतला, दोन महिने कुणाला पत्ता लागणार नाही. "और टीवी वालों से बचना. यहाँ से पैदल आ जाते हैं."

हे मात्र खरं होतं. न्यूज चॅनेलांची ऑफिसं नोएडातच. धैर्यशीलच्या डोळ्यांपुढे आपला पासपोर्टचा फोटो लाल गोलात दिसायला लागला. त्या फोटोत तो मुळातच गुन्हेगार दिसायचा. रात्रभर तो जागा होता, आणि लिफ्टचा आवाज झाला की पांघरूण डोक्यावरून घेत होता.

शुक्रवारी शाळेत आणखी एक संकट उभं होतं, ते म्हणजे शिवांगी. शिवांगी जगदाळे. हो, खंडेरावांची नात, आणि धैर्यशीलच्या अकरावीतली सगळ्यात हुशार मुलगी. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी जरा पातळ झालं होतं, पण डोकं जाड नव्हतं.

"सर, आज सोर्स डॉक्युमेंट देणार होता ना?" तिने कॉरिडॉरमध्ये गाठलंच.

"मी? छे! मी असं काही बोललोच नाही."

"बोललात, सर. 'त्याने, त्याने' वाली लिस्ट."

"तुझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली," असं म्हणून धैर्यशील समोरच्या दारातून आत गेला. ते मुलींचं स्वच्छतागृह निघालं. तिथून तो ज्या वेगाने बाहेर आला त्याबद्दल फार न बोललेलं बरं.

दुपारी सोसायटीच्या ऑफिसात तो गेला तो मनाशी सगळं ठरवून. बुधवारचा अर्ज परत मागायचा आणि टाइप केलेला नवा द्यायचा. ऑफिसात दामू क्लार्क होते. हे खंडेरावांच्या पलटणीतले जुने कारकून, साहेबांबरोबरच निवृत्त झालेले आणि साहेबांबरोबरच इथे रुजू झालेले.

"अर्ज परत पाहिजे?" दामूंनी चष्मा वर केला. "मिळेल की. त्यासाठी अर्ज करा."

"कसला अर्ज?"

"अर्ज परत मिळावा असा अर्ज. स्वतःच्या हाताने लिहायचा. टाइप चालत नाही, साहेबांचा नियम आहे. माणसाच्या अक्षरावरून माणूस कळतो म्हणतात."

टेबलावर दोन हातांच्या अंतरावर पिवळ्या कागदांचा गठ्ठा होता, वर वीट ठेवलेली. सुपरवायझरांनी एकोणतीसच्या एकोणतीस कागद गोळा करून आणले होते. सगळ्या खोलीत वेलची दरवळत होती. धैर्यशीलने पेन हातात घेतलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मग आयुष्यातली सर्वांत अक्कलहुशारीची म्हणावी अशी गोष्ट केली. पेन डाव्या हातात घेतलं.

अर्ज परत मिळावा पण पत्राची मागणी कायम राहावी, अशा पाच ओळींना वीस मिनिटं लागली. अक्षरं कागदावरून घसरत घसरत खालच्या कोपऱ्यात जाऊन पडली.

"हाताला काय झालं?" दामूंनी विचारलं.

"वात," धैर्यशील म्हणाला.

दामूंनी अर्ज घेतला आणि जुना अर्ज काढून दिला. तो खिशात कोंबून धैर्यशील जिन्याकडे पळाला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने त्याचे तुकडे केले. तुकडे टाकायचे कुठे? कचऱ्याच्या डब्यावर सुपरवायझर होता. शेवटी त्याने निम्मे खिशात ठेवले आणि निम्मे चावून गिळले. शाईची चव तोंडात राहिली ती राहिलीच.

शनिवारी नोटीस लागली. रविवारी अकराला तातडीची सभा, दुसरं बेसमेंट, हजेरी सक्तीची. खाली खंडेरावांनी स्वतः लिहिलं होतं, की फरीदाबादचा आपला पुतण्या हस्ताक्षरतज्ज्ञ असून सोमवारी त्याला बोलावलं आहे. नोटिशीसमोर उभा असताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि धैर्यशील चक्क ओरडला.

"अहो मी, मी!" ज्ञानोबा म्हणाले. गेटबाहेर ज्ञानोबांची चहाची टपरी होती. पलटणीच्या लंगरात चुलीपुढे बावीस वर्षं काढलेला म्हातारा, खंडेरावांच्याच शब्दावर इथे बसलेला. धैर्यशील रोज सकाळी मेट्रोला जाताना तिथे थांबायचा, आणि ज्ञानोबा न सांगता कमी साखरेचा ग्लास बाजूला काढून ठेवायचे. "तोंड का उतरलंय, सर? घ्या, वेलची घातलीये मस्त."

वेलची म्हटल्याबरोबर धैर्यशील दोन पावलं मागे सरकला. तो चहा न घेताच निघाला.

रविवारी बेसमेंट गच्च भरलं होतं. प्लांटचा पंप मागे गुडगुड करत होता आणि वास नेहमीचाच होता. खंडेराव खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. पिळदार मिशी, इस्त्रीचा शर्ट, हातात तो कागद. धैर्यशील खांबाच्या आड, प्रज्ञा त्याच्या एका बाजूला, बत्रा दुसऱ्या.

"ज्याने हे लिहिलं," खंडेराव म्हणाले, "त्याच्यात हिंमत असेल तर पुढे यावं."

पंप गुडगुडला. 

"ठीक. मग आपण एकेक कलम घेऊ. दामू, वाच. आणि तुम्ही सांगा, खरं का खोटं."

दामू वाचायला लागले. "सभा मुद्दाम गैरसोयीच्या जागी बोलावल्या." लोकांनी इकडे तिकडे पाहिलं, नाकाला लावलेले रुमाल नीट केले, आणि माना हळूच हलल्या. "खडी फौज ठेवली." पहाटेच्या परेडसमोर राहणाऱ्या ए टॉवरच्या माना जोरात हलल्या. "व्यापार तोडला." याला तर मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग डास मारल्यासारखं केलं. खंडेरावांचा चेहरा दर कलमाला लाल होत चालला. 

"लिहिणारा कोण ते उद्या कळेल," खंडेराव म्हणाले. "पण लिहिलं कुठे, ते मला आजच कळलंय. हा कागद हुंगा. वेलचीचा चहा. ज्ञानोबा, पुढे ये."

ज्ञानोबा पुढे आले. हातात गाळणं तसंच होतं.

"तुझ्या टपरीवर बसून कुणी लिहिलं हे?"

"साहेब, मला काय ठाऊक? मला सहीपलीकडे लिहिता येत नाही."

"लिहिता येत नाही, दिसतं ना? नाव सांग. नाहीतर उद्या सकाळी टपरी उचलायची."

"साहेब, मी कुठे जाणार या वयात?" ज्ञानोबा एवढंच म्हणाले. त्यांनी सभेवरून नजर फिरवली. सगळे आपापल्या चपला बघायला लागले.

आता धैर्यशीलचं मन कसं होतं ते सांगतो. त्याला वाटलं, गप्प बसावं. पत्र मिळेल, नोकरी पक्की होईल, म्हाताऱ्याला नंतर आपण दुसरीकडे टपरी लावून देऊ. मग त्याला वाटलं, कुठे लावून देणार तू, तुला पार्किंगचा स्टिकर मागायला दीड वर्ष लागलं. मग त्याला तो बाजूला काढून ठेवलेला कमी साखरेचा ग्लास आठवला. भीती जराही कमी झाली नव्हती. उलट वाढली होती. पण तो खांबाआडून बाहेर आला होता आणि त्याचा हात वर होता. हात कधी वर गेला ते त्यालाच कळलं नाही.

"मी लिहिलंय," तो म्हणाला. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "साहेब, ते मी लिहिलंय."

 आणि मग सगळं बेसमेंट हसलं.

हो, हसलं! बी टॉवरच्या बायका हसल्या, सुपरवायझर हसले, पंपाजवळचा प्लंबर हसला. बत्रांनी त्याचा शर्ट मागून ओढला. "बैठ जाओ जी. इनका बीपी है, सर."

"बसा मास्तर," खंडेरावसुद्धा जरा मवाळ झाले. "म्हाताऱ्याची दया आली तुम्हाला, समजलं. चांगली गोष्ट आहे. पण उगीच काहीही बोलू नका."

"अहो पण खरंच मी लिहिलंय!"

"तुम्ही? गेल्या वर्षी तुमच्या छतातून पाणी गळत होतं तर तुम्ही बादली लावून बसलात तीन महिने. 'राज्य करायला लायक नाही' हे तुम्ही लिहिणार?"

माणसाने जीव मुठीत धरून गुन्हा कबूल करावा आणि लोकांनी त्याला तेवढंही मोठं समजू नये, याच्यासारखा अपमान नाही. धैर्यशीलची कानशिलं तापली. भीतीच्या वर प्रथमच दुसरं काहीतरी आलं. "अक्षर बघा माझं!" तो ओरडला. "ऑफिसात माझा अर्ज आहे. तो आणा आणि ताडून बघा!"

दामूंनी फाइल उघडली आणि अर्ज वर धरला. डाव्या हाताचा. कोंबडीने पाय बुडवून चालावं तशा पाच ओळी.

आता मात्र सभेला हसू आवरेना. प्रज्ञाने कपाळावर हात मारून घेतला. ती सगळं खरं जाणत होती आणि तीही हसत होती.

"आजोबा, थांबा." मागून शिवांगी पुढे आली. हातात शाळेची फाइल होती. "सरांनीच लिहिलंय. पण त्यांनी बनवलेलं नाहीये. हे आमच्या क्लासचं आहे."

"कुठल्या क्लासचं?"

"हिस्टरीचं. बघा, गेल्या वीकचा सोर्स. बोस्टनवाला. अक्षर सेम. आणि हुंगा."

खंडेरावांनी बोस्टनचा कागद नाकाशी धरला. वेलची.

"कुणी लिहिलं? अमेरिकन लोकांनी," शिवांगी बोटांवर मोजत म्हणाली. "कधी? सतराशे शहात्तर. कुणाविरुद्ध? इंग्लंडच्या राजाविरुद्ध. तुमचा यात काहीच संबंध नाही, आजोबा. सर आम्हाला नाव झाकून देतात. बाल्कनीत वाळायला ठेवले असणार आणि आँधीत उडाले."

खंडेरावांनी कागद पुन्हा वाचला. मिशी हळूहळू सैल झाली. "इंग्रजांच्या राजाविरुद्ध?" ते म्हणाले. "अरे मग आधी नाही का सांगायचं! बरोबरच लिहिलंय की! फौज ठेवायचेच ते, सभा दाबायचेच! आमच्या साताऱ्याचं काय केलं त्यांनी?" ज्ञानोबांच्या खांद्यावर त्यांनी थाप मारली. "जा, चहा टाक. सगळ्यांना."

सभेने सुटकेचा श्वास टाकला. लोक उठायला लागले. धैर्यशीलला वाटलं, सुटलो. पण खंडेराव जागेवरच उभे होते, कागदाकडे बघत. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"थांबा," ते म्हणाले. "हे इंग्लंडच्या राजाबद्दल आहे ना? अडीचशे वर्षांपूर्वीचं?"

"हो, साहेब," धैर्यशील म्हणाला.

"मग तुम्ही सगळे," खंडेरावांनी सभेवरून नजर फिरवली, "माना कशाला हलवत होता?"

 अर्धवट उठलेले अर्धवटच राहिले. पंपसुद्धा नेमका त्याच वेळी बंद पडला. खंडेरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाची व्यवस्थित चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"पुढची मीटिंग वर क्लबहाउसमध्ये," ते म्हणाले, आणि जिना चढून निघून गेले.

संध्याकाळी दामू पत्र घेऊन आले. इंग्रजीत टाइप केलेलं, खाली खंडेरावांची सही आणि शिक्का. धैर्यशीलने उघडलं आणि सही बघून जीव भांड्यात पडला. मग मजकूर वाचला. हे गृहस्थ तीन वर्षांपासून या सोसायटीत राहतात. स्वभावाने गरीब आहेत. आवाज करत नाहीत. मोठ्या आवाजाला घाबरतात. त्यांच्यापासून कोणत्याही रहिवाशाला कसलाही धोका नाही. ही ओळ वाचता वाचता प्रज्ञा सोफ्यावरून खाली घसरली. धैर्यशीलने पत्र तिथेच घडी करून ठेवलं आणि रागाने जेवला नाही. म्हणजे दोनच पोळ्या जेवला.

सोमवारी पावणेआठला पत्र एचआरच्या मॅडमना पोचलं. त्यांनी वाचलं, "परफेक्ट!" म्हणाल्या, आणि धैर्यशील वाळिंबे कायम झाला. आता एवढ्यावर त्याने थांबायचं की नाही? पण वर्गात बत्तीस मुलं सोर्स मागत बसली होती. एकोणतीस कागद दामूंच्या कपाटात पुरावा म्हणून बंद होते आणि ते परत मिळवायचे तर अर्ज करावा लागणार होता. मूळ प्रत आणि दोरीवर उरलेले तीन कागद त्याने गुरुवारी रात्रीच चहापावडरीबरोबर फ्लश केले होते. त्याच्याकडे नाव-गाव झाकता येईल असा एकच कागद होता, खंडेरावांच्या पत्राची प्रत. शिवाय मनात कुठेतरी अशी आशाही होती, की एखादं तरी पोर त्या ओळींमागचा माणूस ओळखेल. त्याने नाव झाकलं, फ्लॅट नंबर झाकला, 'गृहस्थ' शब्द झाकला, सही-शिक्का झाकला आणि बत्तीस प्रती काढल्या. चहात मात्र बुडवल्या नाहीत.

"कुणी लिहिलं, कुणाबद्दल?" त्याने विचारलं.

वर्ग वाचत होता. मागच्या बाकावरचा महेश उठला. "सर, ये तो सोसायटी के कुत्ते का सर्टिफिकेट है."

"पुरावा?" धैर्यशीलने विचारलं.

"सर, तीन साल से यहीं रहता है, भौंकता नहीं, पटाखों से डरता है, किसी को काटेगा नहीं. क्लिअर है."

सगळ्या वर्गाला पटलं. धैर्यशीलने शिवांगीकडे पाहिलं. ती मान खाली घालून कागदाच्या अगदी तळाकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "कडा बघायच्या राहिल्या. खाली कोपऱ्यात शाईने लिहिलंय."

धैर्यशीलने घाईघाईने आपली प्रत उचलली. झाकलेल्या सहीच्या खाली, कालच्या रागात त्याने पाहिलीच नव्हती अशी एक बारीक देवनागरी ओळ होती. शिवांगीने ती वाचली, आणि मग बाकीच्यांसाठी हिंदीत सांगितली.

"'वेळ आली की उभा राहतो.' वक़्त आने पर खड़ा हो जाता है."

महेश पुन्हा उठला.

"फिर तो सर," तो म्हणाला, "अच्छी ब्रीड का है."

धैर्यशील खिडकीकडे वळला. मग त्याने महेशला दहापैकी नऊ मार्क दिले. तारखेचा प्रश्न सोडवला नाही म्हणून एक कापला.